गेटवर अडलेला एकच नंबर

खोट्यावरच पोट भरते मी, लाज कसली! चाकणच्या एका कारखान्यासाठी आमची कंपनी गेटवरचा प्रोग्राम लिहीत होती. कामगारानं कार्ड टेकवलं की प्रोग्रामनं कारखान्याच्या सर्व्हरला विचारायचं, याला आत सोडू का? पण चाचणीपुरता तो सर्व्हर काही आम्हाला मिळेना. मग त्याच्यासारखी उत्तरं देणारी खोटी सर्व्हिस मी बनवली. मॉक म्हणतात तिला. कुठलाही नंबर द्या, बया ‘सोडा’च म्हणायची.

नकारही तपासायला हवा होता. त्यासाठी एक नंबर लागणार, आणि मला पाठ होता तो धाकट्या भावाचा. तो त्याच कारखान्यात कंत्राटावर. भांड्यांवर नाव घालतात तसा आईनं त्याच्या डब्यावर कार्डाचा नंबर घालून घेतला होता. लहानपणी माझी वेणी ओढायचास ना, घे आता, म्हणत मी तोच नंबर ‘सोडू नका’मध्ये टाकला आणि हसलेसुद्धा.

प्रोग्राम गेटवर बसला त्या सोमवारी आमच्यातलं कुणीतरी खऱ्या सर्व्हरचा पत्ता घालायला विसरलं. गेट माझ्या मॉकलाच विचारत राहिलं. अख्खी फर्स्ट शिफ्ट आत गेली. भाऊ तेवढा बाहेर.

त्याचा फोन आला. “तायडे, मशीन मला न्हाई म्हनतंय. आज साहेब परमनंटसाठी बोलावनार हाईत गं. आत न्हाई गेलो तर नाव कटंल.”

धावत मॅनेजरकडे गेले, सगळं सांगितलं. त्यानं आधी केबिनचं दार लावलं.

“पत्ता आत्ता बदलतो. पण सकाळपासून गेट कुणालाही आत सोडत होतं, हे बाहेर गेलं तर आपण सगळे घरी. कळलं?”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. माझ्यामागे पिंपळे गुरवच्या फ्लॅटचे हप्ते होते. मी गप्प बसले. भित्री मेली!

भावाला गेट उघडलं तोवर बोलावणी उरकली होती. मशीन उगाच कशाला अडवेल, म्हणत साहेबांनी त्याच्यावर गैरहजेरीचा शेरा मारला.

संध्याकाळी कुरुळीला आईच्या घरी गेले. आई तो डबा घासत होती. भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला. “तू कॉम्प्युटरवाली. बघ ना गं, माझ्या कार्डात काय बिघाड हाय?”

“बघते,” म्हणाले.

वर्ष होत आलं. तो अजून कंत्राटावरच आहे. भेटला की विचारतो, आणि मी बघते म्हणते.