कावेरीच्या बिस्किटांतली माडी

समजा, बिस्किटं तुम्हालाच करायची आहेत. पाकिटातली पातळ, कुरकुरीत नव्हेत. घरची, चांगली उंच फुगलेली, हाताने उघडली की आत मऊ थर सुटणारी. परातीत मैदा घ्या, चिमूटभर मीठ आणि जराशी साखर घाला. घट्ट वनस्पती तूप घालून बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, त्याच्या उबेने तूप वितळतं आणि थर जातात. पीठ भिजवून गोळा झाला की थांबा. चपातीच्या कणकेसारखं मळलंत तर बिस्कीट चिवट होईल. थापा, दुमडा, पुन्हा थापा. वाटीने गोल कापताना वाटी सरळ खाली दाबा. फिरवलीत तर कडा चिकटून बसतात आणि बिस्कीट वर उठत नाही. भट्टी नाही म्हणून अडू नका. जाड बुडाच्या टोपात वाळू तापवा, तिच्यावर ताटली ठेवा, टोपावर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. आपल्याकडे काकडीचं धोंडस भाजतात तसंच.

एवढं सगळं सांभाळलंत तरी बिस्कीट फुगेल की नाही हे ठरतं ते तुम्ही पीठ कशाने भिजवलंत त्यावर. कावेरी ते माडीने, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाने, भिजवायची. आणि तेच तिला नवऱ्याला सांगता येत नव्हतं.

कावेरी मूळची कणकवलीकडच्या शेतकरी घरातली. लग्न होऊन ती रेडीला गेली, कारण जयराम, तिचा नवरा, तिथल्या बंदरावर खनिज चढवण्याच्या कामावर होता. दिवसभर अंगावर लाल धूळ घ्यायची आणि संध्याकाळी घशातली धूळ उतरवायला म्हणून बसायचं, अशी तिथल्या बऱ्याच जणांची रीत होती. जयरामला आधी माडी लागली, मग दारू. त्याची वाट बघत कावेरी शेजारच्या रोझाबायच्या चुलीपाशी बसून राहायची. रोझाबाय नाताळात आणि एरवीही बिस्किटं भाजायची. ताज्या माडीने पीठ भिजवायचं आणि झाकून उबेला ठेवायचं. माडीत आंबण चालूच असतं. त्यातून सुटणारा वायू पिठात अडकतो आणि आच लागली की थर उचलून धरतो. मी कावेरीच्या सासरच्या गावचा. हे पॉलिटेक्निकला गेल्यावर पुस्तकात वाचलं. रोझाबाय म्हणायची, "माडी जिती आसता गो, ती आपसूक काम करता." नवऱ्याचं वाटोळं करणारी वस्तू पिठात एवढी गुणाची कशी वागते, याचं कावेरीला तेव्हा नवल वाटायचं.

एकदा जयराम पिऊन धक्क्यावरून पाण्यात पडला. खलाशांनी ओढून काढला म्हणून वाचला. त्याचा मोठा भाऊ हरिश्चंद्र रेडीला गेला आणि दोघांना घेऊन गावी आला. गाव कुणकेश्वरच्या अलीकडे, रस्त्यालगत. हरिश्चंद्र रवळनाथाच्या देवळातला मानकरी. त्याने घरी नेण्याआधी भावाला देवळात नेलं, नारळ ठेवला आणि चारचौघांसमोर गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे माडी-दारू सोडल्यान. थेंब पोटात गेलो तर हयसरच उभो ऱ्हवान सगळ्यांका सांगतलो. तेका बळ दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" जमलेले म्हणाले. कावेरी सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

जिल्हा नवा नवा वेगळा झाला होता. रस्त्याची कामं चालू होती, एस.टी.च्या फेऱ्या वाढल्या होत्या. जयरामने थांब्यासमोर माडाच्या झापांच्या छपराखाली चहाचं हॉटेल घातलं. बिस्किटं कावेरीची. शपथेच्या घरात माडी कशी आणायची, म्हणून तिने खायचा सोडा घातला. बिस्किटं चपटी झाली, पिवळी पडली, आणि त्यांना साबणासारखा वास येऊ लागला.

गिऱ्हाइकं गावचीच. कोण गप्प बसणार?

"वयनी, ह्या खावचा काय दाराक अडणी म्हणान लावचा?"

"चायत बुडय रे. बुडाला तर समज, दगड."

"जयराम, रेडीसून येताना खनिज घेवन इलंस काय रे पिशयेत?"

जयराम पहिल्या पहिल्यांदा हसायचा. मग हसेनासा झाला. लोक चहा त्याच्याकडे घेत आणि खायला पुढच्या नाक्यावर जात. तो बाकावर बसून रस्त्याकडे बघत राही. एक दिवस कावेरीने त्याला कंडक्टरशी बोलताना ऐकलं.

"वेंगुर्ल्याक उतरलंय तर फुडे रेडीक गाडी मिळात मा?"

"मिळात की. कित्याक? परत कामार जातंस?"

"बगूया."

हॉटेल बसलं तर हा रेडीला जाणार, आणि रेडीला गेला तर पिणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती खालच्या वाडीत शेवंतीकडे गेली. शेवंतीचा नवरा बाबली माडांवर चढून माडी काढायचा.

"अगे बाये!" शेवंती म्हणाली. "जयरामदादान परत सुरू केल्यान?"

"गप गो. बिस्किटांक व्हयी."

"नवऱ्यान सोडली नि बायलेन धरली म्हण की!"

"शेवंते, हसा नको. तेका कळता नये. कोणाकच कळता नये."

शेवंतीने तांब्या भरून दिला, वर केळीचं पान बांधलं. "इतक्या घाबारतंस कित्याक? आमी राखणदार देवचाराक माडीच दितो. तेका चलता, मगे जयरामदादाक चलाक काय झाला?"

"देवचारान शपथ खंय घेतल्यान हा?" कावेरी म्हणाली आणि पदराखाली तांब्या धरून परसदाराने घरी आली.

त्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा बिस्किटं एकमेकांना खांदे लावून वर उठली होती. वर लालसर, बाजूने पांढरी, थरांची. जयरामची एक पद्धत होती. टोपातलं पहिलं बिस्कीट तो स्वतः खायचा, चहाशिवाय. गिऱ्हाइकाला काय देतो ते आपल्याला ठाऊक हवं, असं तो म्हणायचा. त्याने बिस्कीट उघडलं, नाकाशी नेलं. कावेरीने चुलीकडे तोंड फिरवलं. निखारे उगाचच पुढे ओढले, मागे सारले.

मागे तो सावकाश चावत होता.

"बरी झाली हत," शेवटी जयराम म्हणाला. "बरीच बरी झाली हत."

हॉटेल चाललं. देवगडकडे जाणारे शिक्षक, तालुक्याच्या कचेरीतले लोक बिस्किटं कागदात बांधून नेऊ लागले. जयरामच्या अंगावर मांस चढलं. तो सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून गल्ल्यावर बसायचा. कोणी कौतुक केलं की म्हणायचा, "देवान हात दिल्यान. सोडलंय म्हणान हे दिवस बगतंय." आणि रोज पहिलं बिस्कीट मागायचा.

रोज ती त्याला ते द्यायची. हे तिला सगळ्यांत जड जायचं. पीठ भिजवताना ती मनाला सांगू शकायची की हे गिऱ्हाइकांसाठी आहे. पण ते पहिलं बिस्कीट ती स्वतःच्या हाताने, ज्याने देवापुढे शपथ घेतली होती त्याच्याच हातावर ठेवत होती. बाकीची घाण निदान तो आपणहून पीत होता, असं तिच्या मनात यायचं. इथे मी फसवून घालते आहे. सांगावं तर तो देवळात जाऊन सगळ्यांसमोर उभा राहणार. तो तसाच माणूस. मग लोक म्हणणार, बायकोने बुडवला. आणि एकदा मोडलीच आहे म्हणून तो पुन्हा बसायला लागला तर?

एकदा तिने सुरुवात केली होती. तो बाकावर कपडा मारत होता.

"ऐकलात?"

"काय गो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो कपडा हातात धरून थांबला होता, चांगला ताठ, डोळे स्वच्छ.

"साकर संपत इली," ती म्हणाली.

शेवंतीला तिची दशा दिसत होती. "अगे, आगीत माडी खंय ऱ्हवता?" ती समजूत काढायची. "उडान जाता सगळी."

"माडी उडता गो," कावेरी म्हणाली. "शपथ खंय उडता?"

पुढच्या साली रवळनाथाच्या जत्रेआधी हरिश्चंद्र हॉटेलात आला. जयरामच्या नावाने यंदा देवापुढे आभाराचं गाऱ्हाणं घालायचं, शपथ पाळली म्हणून, असं त्याने ठरवलं होतं. जयरामने चुलीवरच्या टोपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नारळ ठेवया. आणि एक ताट बिस्किटांचा. आमची कमाय तीच."

"बेस," हरिश्चंद्र म्हणाला. "कावेरी, बरी फुगलली कर हां! देवाक दाखव तुझो हात."

कावेरीने मान डोलावली. नवऱ्याला फसवलं ते फसवलं. देवाच्या ताटात ती माडी जाऊ देणार नव्हती. जत्रेच्या सकाळी तिने वेगळं पीठ घेतलं, सोडा घातला, पाण्याने भिजवलं. तूप जास्त चोळलं, आच सांभाळली, जमेल ते सगळं केलं. झाकण उघडलं तर आत तीच जुनी चपटी, पिवळी बिस्किटं. ती टोपासमोर बसून राहिली. आता हा विचारणार. आज काय झालं, रोज काय घालतेस, आज काय घातलं नाहीस. विचारलं तर सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं. तिला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं.

जयराम धुतलेला सदरा घालून आला. देवाचं असल्यामुळे आज त्याने पहिलं बिस्कीट मागितलं नाही. त्याने टोपात वाकून पाहिलं. एक उचललं, बोटाने त्यावर टकटक केलं, परत ठेवलं.

"बिगाडली," कावेरी म्हणाली. "माका..."

"ऱ्हवांदे," जयराम म्हणाला. "देवाक हीच बरी."

आणि त्याने स्वतःच एक एक करून ती ताटात लावली, वर स्वच्छ फडकं घातलं आणि ताट उचलून पुढे चालू लागला.

देवळात गर्दी होती. हरिश्चंद्राने ताट पाहिलं, कपाळाला आठी घातली. त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान दिललो शबूद पाळल्यान. एक थेंब पोटात जावक दिल्यान नाय..."

"होय म्हाराजा!"

कावेरी या वेळी 'होय' म्हणाली नाही. तिने कडेला पाहिलं. जयराम हात जोडून उभा होता, नजर जमिनीवर. त्याचेही ओठ मिटलेले होते. ज्याचं गाऱ्हाणं असतं तो गप्पच उभा राहतो, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मागच्या खेपेला, शपथ घेताना, तो म्हणाला होता की नाही, हे तिला काही केल्या आठवेना.

दुसऱ्या दिवशी हॉटेल नेहमीसारखं उघडलं. शेवंतीचा तांब्या परसदारी येऊन बसला होता. कावेरी त्याच्याकडे बघत उभी राहिली. जत्रा पांगत होती, रस्त्यावर माणसं होती. तिने पीठ घेतलं, चोळलं आणि माडीने भिजवलं.

झाकण उघडलं तसा जयराम आत आला आणि त्याने हात पुढे केला. तिने पहिलं बिस्कीट त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते उघडलं, नाकाशी नेलं आणि बाहेर माणसं खोळंबली होती तरी सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्लं. तळहात झटकून तो गल्ल्यावर जाऊन बसला.

त्या शपथेनंतर आजवर त्याच्या हातात कोणी दारूचा पेला पाहिलेला नाही. कावेरी आजही बिस्किटं करते. रेडीत इतकी वर्षं माडी प्यायलेल्या माणसाला तिचा वास कळत नाही, यावर तिचा आता विश्वास बसत नाही. कळत नसेल तर ती त्याला रोज फसवते आहे. कळत असेल तर तो शपथ रोज जाणूनबुजून मोडतो आहे, आणि ती मोडायला लावणारी तीच आहे. दोन्हीकडून दोष तिच्याकडेच येतो. तो हिशोब तिने मान्य केला आहे. फक्त चुलीपुढे बसलेली असताना, त्याची पाठ दिसत असताना, एक वाक्य तिच्या ओठांपर्यंत येतं आणि तिथेच राहतं:

"तुमका पयल्या दिवसापासून कळलला, तर खाल्लात कित्याक?"