सूतगिरणीचं मोठं घड्याळ अन् माझा अंगठा

हे सांगावं का नाही, याचाच विचार करून राहिलो होतो. पण चहा गरम आहे, तुम्हीही घरचेच, तर ऐका. माझ्या अंगठ्यानं बोरगावच्या आख्ख्या सूतगिरणीची दुपार तासभर आधी संपवली होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी त्या गिरणीत इलेक्ट्रिशियन म्हणून नवाच लागलो होतो. ऑफिसात काचेच्या कपाटात एक मोठं लंबकाचं घड्याळ होतं, माणसाएवढं उंच. दर मिनिटाला ते तारेतून विजेचा एक ठोका पाठवायचं, अन् गिरणीभरातली सगळी घड्याळं एकदमच एक मिनिट पुढे सरकायची. शेडमधली, कॅन्टीनमधली, गेटवरची, सगळी. त्यांना स्वतःची चावी नाही, स्वतःची अक्कल नाही. मोठ्यानं सांगितलं की सरकायचं!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटाच आला. शेडच्या मधोमध उभं राहिलं की या टोकाचा काटा अन् त्या टोकाचा काटा एकाच क्षणी हलायचा. आमच्या घरी जेवायला कधी बसायचं यावर दोघांचं जमत नव्हतं. इथं एवढी घड्याळं, अन् एकाचाही वेगळा सूर नाही. मी डबा खायचा सोडून तेच पाहत बसायचो.

त्या दिवशी पाच वाजता मला सौंसरला मुलगी पाहायला जायचं होतं. मामा पांढुर्ण्याहून बसनं परस्पर तिथं येणार होते. म्हणजे अर्धं चित्त तिकडंच. त्यात सकाळी तारेचं काहीतरी काम निघालं, अन् गिरणीतली घड्याळं मोठ्या घड्याळापेक्षा थोडी मागे पडली. आमचे सुपरवायझर रामटेकेसाहेब म्हणाले की मोठ्या घड्याळाखालचं बटण दाब, एका दाबाला सगळी एक मिनिट पुढे जातात. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहा, ते जुळलं की थांब.

मी बटण दाबलं. भिंतीवरचं घड्याळ हललं नाही.

पुन्हा दाबलं. नाही. वाटलं, बटण जाम झालंय. मग जोर लावून दाबलं, मग भराभर दाबलं. एक अंगठा दुखायला लागला तसा दुसरा लावला. डोक्यात विचार एकच, निळा शर्ट घालावा का पांढरा. बऱ्याच वेळानं स्टुलावर चढून पाहिलं, तर त्या घड्याळाची मागची तार सुटलेली. जोडली, चार-दोनदा दाबलं, अन् काटे बरोबर जुळले. हात झाडून खाली उतरलो.

थोड्या वेळानं भोंगा वाजला. गेटवरचा चौकीदार आपल्या समोरचं घड्याळ पाहून तो वाजवायचा. पाहतो तर पहिल्या पाळीची माणसं डबे उचलून निघाली. मोठं घड्याळ म्हणे, सुटीला अजून तासभर आहे.

मी शेडमध्ये धावलो. तिथलं घड्याळ सांगे, सुटी झाली. पुढचंही तेच. कॅन्टीनमधलं तेच, गेटवरचं तेच. काय सांगू, मला भरून आलं. एवढ्या घड्याळांचं एकमत! त्यांच्याविरुद्ध ऑफिसातली दोन अन् माझ्या मनगटावरचं एक. आता तुम्हीच सांगा, खोटं कोण?

मी परत आलो, काच उघडली, मोठ्या घड्याळाला नमस्कार केला अन् त्याचे काटे पुढे सरकवले. मग भिंतीवरच्याचे. मग माझ्या घड्याळाचे.

सायकल मारत सौंसरला पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात बरोबर पाच. होणारे सासरे, तेव्हाचे काका, बनियनवर अंगणातल्या संत्र्याला पाणी देऊन राहिले होते. मामांचा पत्ता नाही. मामांना वेळेचं भान नसतं म्हणून मीच माफी मागितली. तेवढ्यात आत रेडिओवरच्या बाईनं वेळ सांगितली, चार.

मी काकांना समजावलं, "तुमचा रेडिओ मागे पडला असन. आमच्या गिरणीतले सगळे घड्याळं एकच वेळ दाखवतेत."

पाण्याचा गडवा घेऊन मुलगी आली. हीच सुजाता, आत्ता चहा देऊन गेली ती. ती एवढंच म्हणाली, "सगळ्यायले एकाच जाग्यावरून पुढं करता येते का?"

माझा अंगठा ठणकला. पाणी न पिताच मी सायकल काढली.

गेटवर दुसरी पाळी उभी. बिचारी वेळेवर आलेली, अन् चौकीदार त्यांना उशीर झाला म्हणून आत सोडेना. आत सगळी यंत्रं गप्प. मी रामटेकेसाहेबांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. साहेब चिडले नाहीत, हेच जास्त लागलं.

"घाबरू नको," ते म्हणाले. "मोठं घड्याळ तं बरोबर असन. त्याले पाहून बाकीचे लावू."

"साहेब," मी म्हटलं, "तेवढं एकच बरोबर होतं. म्हणून मी त्याले दुरुस्त केलं."

साहेबांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तेही त्यांनी भोंग्यावर लावून घेतलेलं. चौकीदाराचंही तसंच. त्या आख्ख्या गिरणीत खरे किती वाजले हे एकालाही खात्रीनं सांगता येईना. रेडिओ चार म्हणाला होता, पण माझ्या शब्दावर घड्याळं लावायला साहेब आता तयार नव्हते. कुठं रेडिओ आहे का, असं त्यांनी विचारलं. जवळपासचा मला एकच ठाऊक होता.

पुन्हा सायकल. दारात पोचलो तर मामा नुकतेच येऊन टेकलेले. मला पाहून त्यांची छाती फुगली. "पाहा," ते काकांना म्हणाले, "आमचा भाचा वेळेचा किती पक्का हाय. पाचचा टाइम देल्ला, पाचले हजर."

अन् मी उंबरठ्यावर, घामानं निथळत, धापा टाकत विचारलं, "काका, वाजले किती?"