माझ्या आधी मोंबासाला कोण पोचलं?

भुताखेतांच्या गोष्टी मला कधीच पटल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या अवसरी बुद्रुकला ओढ्याकाठी एक चिंच होती. दिवेलागणीनंतर तिच्याखालून कुणी जात नसे, म्हणून मी मुद्दाम जायचो. आजही कुणाच्या अंगात आलं तर मी हात जोडत नाही, उठून बाहेर जातो. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो...

ही गोष्ट चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या बरीच आधीची. पुण्यात कॉलेजला असताना शुक्रवार पेठेत एका माडीवरच्या खोलीत आम्ही तिघे राहायचो. पिंपळवंडीचा सखाराम, खुद्द जुन्नरचा इब्राहिम आणि मी, नारायण. इब्राहिमच्या घरी पिढीजात हातकागदाचं काम. सखाराम शेतकऱ्याचा. त्यांच्या दोघांच्या बाजूला कुकडी नदी, म्हणून आमच्या खोलीचं नाव पडलं 'कुकडीकर मंडळ'. मी घोड नदीकडचा, पण त्यांनी मला करून घेतलं कुकडीकर! एकाच शेगडीवर भाकरी भाजायच्या, एकाला ताप आला की दुसऱ्या दोघांनी जागायचं. सख्खे भाऊ इतके जवळ नसतील.

शिक्षण संपलं आणि पांगलो. सखाराम आणि इब्राहिम आफ्रिकेत मोंबासाला गेले. सखाराम दवाखान्यात लागला, इब्राहिम रेल्वेच्या एका गोऱ्या ठेकेदाराकडे क्लार्क. मी मुंबईत एका कापडाच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. सहा-सात वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि एक दिवस शेठ म्हणाले, "नारायणराव, मोंबासाच्या दुकानात एकदा जाऊन या."

मी दोघांना कळवलंच नाही. एकदम दारात जाऊन उभं राहायचं, असं ठरवलं. निघण्याआधी गावी गेलो, तिथून जुन्नरला इब्राहिमच्या आईला भेटायला. अम्मा अंगणात गुळगुळीत दगडाने कागद घोटत बसली होती. तब्येत इतकी चांगली की मला लाज वाटावी. तिने इब्राहिमसाठी हाताने केलेल्या शेवयांचं पुडकं बांधून दिलं आणि म्हणाली, "त्याला सांग बेटा, मी ठणठणीत आहे. हातची नोकरी सोडून उगाच धावत येऊ नको म्हणावं."

हा निरोप लक्षात ठेवा.

बोटीचा प्रवास लांबचा. पहिले काही दिवस ओकण्यात गेले, मग सवय झाली. कच्छकडचे एक बोहरी व्यापारी माझ्याच वर्गात होते. रोज डेकवर आमचा दोघांचा चहा. मोंबासाला लागायच्या आदल्या संध्याकाळी समोरून मुंबईकडे जाणारी एक स्टीमर गेली. दोन्हीकडच्या लोकांनी कठड्याशी येऊन रुमाल हलवले. मीही हलवला.

सकाळी बंदरात उतरलो. तिथे तेव्हा टांगे नव्हते. रस्त्यातून बारीक रूळ घातलेले, त्यावर छपराची छोटी ट्रॉली, आणि ती माणसं ढकलायची. तीत बसून, विचारत विचारत सखारामच्या घरापाशी पोचलो. हसू आवरत दार वाजवलं. आता हा किंचाळणार, मिठी मारणार...

सखारामने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "हितं व्हय तू? रातभर कुठं व्हतास? जेवायचं थांबलो की राव तुझ्यासाठी!"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी म्हटलं, "अरे, ओळख तरी दाखव. सात वर्षांनी येतोय!"

"सात वर्सांनी?" तो बघतच राहिला. "परवा दुपारी आलास, हितं जेवलास, झोपलास. काल इब्राहिमला बोटीवर बसवलं आपण दोघांनी. शेठच्या दुकानात जाऊन येतो म्हणून बंदरावरनं गेलास ते आत्ता उगवतोयस."

इतक्यात आतून त्याची बायको आली. ती राजुरीची, वर्षभरापूर्वीच तिकडे आलेली. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि अगदी घरच्यासारखं म्हणाली, "भावजी, आज तरी नीट जेवा. परवा पानात नुसतं चिवडत व्हता. पर माझ्या बहिणीला मुलगी झाल्याचं सांगितलंत, लई बरं वाटलं बघा."

अनोळखी बाई अशा चेष्टेत सामील होईल? मी विचारलं, "इब्राहिमला बोटीवर का बसवलं?"

सखारामचा चेहरा बदलला. "आता हे मला इचारतोस? तूच म्हणालास ना, अम्मा आजारी हाय, वाट बघती, घरी जा म्हणून! ठेकेदारानं रजा न्हाई दिली. कॉन्ट्रॅक्ट मोडशील तर परत उभा करणार न्हाई म्हणाला. तरी गेला तो, तुझ्या शब्दावर."

मी तिथेच पेटीवर बसलो. अम्माला मी धडधाकट पाहून आलो होतो. तिचा निरोप नेमका उलटा होता. शेवयांचं पुडकं माझ्या पेटीत होतं, आणि ज्याच्यासाठी ते आणलं तो काल संध्याकाळी समोरच्या बोटीवरून माझ्या अंगावरून गेला होता. कदाचित मी त्यालाच रुमाल हलवला...

मी सगळं सांगितलं. सखाराम भडकला. "म्हंजे खोटं बोलून त्याची नोकरी घालवलीस, आन आता अंगाशी आलं म्हणून मी आलोच न्हाई म्हणतोस?"

"अरे, काल मी समुद्रात होतो!"

"मग चल बंदरावर!"

गेलो. बोहरी शेठ अजून जकातीच्या शेडमध्ये आपल्या पेट्यांची वाट बघत उभे होते. सखारामने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कधी उतरले? शेठ हसले. "आजच. मुंबईपासून रोज माझ्याबरोबर चहा पिताहेत. का, काय झालं?" सखारामने बोटीच्या कारकुनालाही विचारलं. त्यानेही तेच सांगितलं.

येताना ट्रॉलीवर दोघांना पुरेशी जागा होती, पण सखाराम माझ्या शेजारी बसला नाही. रुळाच्या कडेने चालत आला. घराच्या अलीकडे थांबला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "नारायण, राग मानू नगंस... तू दुकानात उतर. मी दवाखान्यात असतो, बायको घरी एकटी. तिला म्यां काय सांगू? तू कोन हायस ते?"

ज्या माणसाने तापात माझं डोकं मांडीवर घेऊन रात्र काढली होती, तो मला हे विचारत होता. मला राग आला नाही. त्याच्या जागी मी काय केलं असतं?

मोंबासात होतो तेवढे दिवस मी शेठच्या दुकानातच राहिलो. गावात शोध घेतला. माझ्यासारखा दिसणारा कुणी मराठी माणूस आलाय का? कुणीच नाही. त्या 'माझ्या'कडे पेटी होती का, कपडे कोणते होते, हे सखारामला विचारलं. त्याला आठवेना. "तूच व्हतास रं. आपल्या माणसाचे कपडे कोन बघतं?" एवढंच तो म्हणाला. आणि जाता जाता म्हणाला, "लई हसत व्हतास. कॉलेजात हसायचास तसा."

परत निघालो तेव्हा तो बंदरावर आला, पण मिठी मारली नाही.

बोटीवर माझा एकच विचार चालू होता. इब्राहिम घरी पोचला असेल, अम्मा त्याला ठणठणीत भेटली असेल, आणि नोकरी गेल्यामुळे तो मला शिव्या देत असेल. माझ्या तोंडाने कुणीतरी त्याचं वाटोळं केलं होतं. मुंबईत शेठना जेमतेम हिशोब सांगितला आणि जुन्नरची वाट धरली.

नारायणगावच्या पुढे गेल्यावर कळलं की जुन्नरमध्ये प्लेग आहे. गाव बाहेर पडलं होतं. शेतांतून, माळावर झोपड्या आणि पालं. पेठेत शुकशुकाट, दारांना कुलपं. विचारत विचारत गेलो तर शिवनेरीच्या उतरणीच्या बाजूला एका झोपडीपुढे इब्राहिम बसलेला दिसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

मला बघून तो उठला आणि गळ्यात पडला. किती तरी वेळ सोडेना.

"अम्मा गेली," तो म्हणाला.

मग हळूहळू सगळं कळलं. तो आला तेव्हा अम्मा खरंच ठणठणीत होती. त्याला बघून आधी खूश झाली, मग नोकरी सोडली म्हणून चिडली. 'तुला कुणी सांगितलं मी आजारी आहे म्हणून?' हा म्हणाला, नारायणने. 'तो वेडा आहे,' म्हणून ती हसली होती. नंतर थोड्याच दिवसांत गावात उंदीर मरून पडायला लागले. गाव बाहेर निघालं. थोरला भाऊ आधीच मुलाबाळांना घेऊन भिवंडीला सासुरवाडीला गेला होता. झोपडीत अम्मा आणि इब्राहिम दोघंच. तिला गाठ आली तेव्हा शेजारचे लांब सरकले. पाणी पाजायला, अंग पुसायला एकटा इब्राहिम होता.

"तू आला नसतास तर ती त्या झोपडीत एकटी गेली असती," तो म्हणाला. "तुझे उपकार मी कसे फेडू?"

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "इब्राहिम, मी आलो नव्हतो." मग मोंबासाचं सगळं सांगितलं. बोट, बोहरी शेठ, कारकून, सखाराम माझ्याशेजारी बसला नाही ते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटत होतं की हाही आता लांब सरकेल. तो सरकला नाही.

"बंदरावर सखाराम माझं सामान चढवायला गेला, तेव्हा तू मला काय बोललास ते सांगू?" तो म्हणाला. "मी तेव्हाही कचरत होतो. नोकरी जाणार, आणि अम्माला काही झालेलंच नसेल तर? तर तू माझा हात धरलास आणि म्हणालास, 'माझा बाप दाराकडे बघत गेला. शेवटी शेवटी वारा आला तरी, नारू आला का, म्हणायचा. तुझ्या आईला तसं जाऊ देऊ नको.' मग मी मागे वळून पाहिलं नाही."



माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आजारपणाची बातमी पुण्याला उशिरा पोचली, मी अवसरीला आलो तोवर सगळं उरकलं होतं. या दोघांना मी एवढंच सांगितलं होतं की वडील अचानक गेले. दाराकडे बघत गेले, वाऱ्यालाही माझं नाव विचारायचे, हे मला फक्त माझ्या आईने सांगितलं होतं, चुलीपुढे बसून, एकदाच. पुढे तीही गेली. ते मी आजवर कुणाला बोललो नव्हतो. माझ्या बायकोलाही नाही.

"मग तो कोण होता रे?" इब्राहिमने विचारलं.



परतताना वाट वाकडी करून राजुरीला गेलो. सखारामच्या बायकोच्या माहेरी चौकशी केली. तिच्या बहिणीला मुलगी झाली होती, हे खरं. कधी झाली? मी बोटीवर असताना. मोंबासाला कळवायला त्या लोकांना अजून सवडच झाली नव्हती.

पुष्कळ वर्षांनी सखाराम मुलाबाळांसह पिंपळवंडीला परत आला. आता तो माझ्या शेजारी बसतो, हसतो, जुन्या खोलीच्या आठवणी काढतो. पण मी त्याच्या घरी गेलो की त्याची बायको अजून माझ्या पानाकडे बघत राहते, मी जेवतोय की नुसतं चिवडतोय... ती बोलत नाही, पण मला कळतं.

मी पुष्कळ विचार केला. शिकलेल्या लोकांना विचारलं. कुणी म्हणालं भास, पण तिघांना एकच भास कसा होईल? कुणी म्हणालं कुणीतरी सोंग केलं असेल. असेलही, पण माझ्या बापाचे शेवटचे शब्द त्या सोंगाड्याला कुणी सांगितले? आणि माझ्या मनात नेहमी टोचतं ते वेगळंच आहे. तेव्हा जुन्नरमधून मी अम्माचा निरोप घेऊन निघालो होतो, 'धावत येऊ नको' हा. माझी बोट दोन दिवस आधी पोचली असती, इब्राहिम मला भेटला असता, तर मी तोच निरोप त्याला दिला असता. प्रामाणिकपणे, शेवयांच्या पुडक्यासकट. आणि तो तिथेच राहिला असता.

इब्राहिमने पुन्हा जुन्नरलाच संसार मांडला. ईदला मी गेलो की तो मुलांना जवळ बोलावतो, सांगतो, "हे नारायणचाचा. यांनी मला तुमच्या दादीकडे आणून पोचवलं." मुलं मला वाकून सलाम करतात. आधी मी दर वेळी म्हणायचो की तो मी नव्हतो. मग इब्राहिमचा चेहरा उतरायचा. आता मी काही बोलत नाही. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि दुसऱ्या कुणाचा तरी मान घेऊन घरी येतो.

तो मान कुणाचा, ते मला आजही माहीत नाही. आणि माझा चेहरा घेऊन तो दुसरा त्यानंतर आणखी कुणाच्या दारात गेला असेल, हेही नाही.