वाळूवर पहिलं पाऊल कोणाचं

सातपूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथच्या वरच्या भिंतीवर एक मोठा फोटो टांगलेला आहे. वाळूची लांबलचक टेकडी, तिच्या कडेवर पहाटेचं तिरपं ऊन, एक बाजू केशरी आणि दुसरी निळी-काळी. त्या कडेवरून खालपासून वरपर्यंत बुटांचे ठसे गेलेत. एकाच माणसाचे. जॉब घेऊन आलेलं गिऱ्हाईक फोटोकडे बघून हमखास विचारतं, "शेठ, हे कोण चाललंय?"

मी सांगतो, "हाडांचा डॉक्टर."

हे डॉक्टर गंगापूर रोडला राहतात. आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. तीन वर्षांपूर्वी मंडळाची सहल जैसलमेरला गेली होती. थंडीत कुडकुडत मी टेकडीच्या पायथ्याशी ट्रायपॉड लावून बसलो. उजेडाला पाच मिनिटं उरली असताना डॉक्टर माझ्या शेजारून शीळ घालत वर चढून गेले, कारण त्यांना पलीकडची कोरी वाळू हवी होती. त्यांना ती मिळाली. मला त्यांचे बूट मिळाले.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण नाशिकला मंडळाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा माझा फोटो चहाच्या टेबलामागे लागला आणि अध्यक्ष म्हणून त्यावर बोलताना डॉक्टर म्हणाले, "उजेड छान पकडलाय. पण या ठशांमुळे वाळवंट वाटत नाही, बाजार वाटतो. थोडं आत जायला हवं होतं."

मी जागेवरूनच ओरडलो, "ठसे तुमचेच आहेत!"

सगळ्यांना तो विनोद वाटला. हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने डॉक्टर हसले. त्या दिवसापासून मी मंडळात गेलो नाही, आणि ठरवलं की आत म्हणजे किती आत ते यांना दाखवायचंच. जिथे पर्यटकांची जीप पोचत नाही, उंटवाला पोचत नाही, तिथली वाळू. एकही ठसा नसलेली.

त्यासाठी आधी गाडी हवी होती. देवळाली कॅम्पला एका निवृत्त सुभेदारांची जुनी फोर बाय फोर जीप विकायला होती. भाव उतरवायला तीन रविवार मी त्यांच्या ओट्यावर बसलो. तिसऱ्या रविवारी त्यांनी हात टेकले. म्हणाले, "साहेब, तुम्हाला सीमेवर पाठवायला पाहिजे होतं. समोरचा कंटाळूनच परत गेला असता." किल्ली मात्र त्यांनी हसत दिली.

मग तयारी सुरू झाली. एवढा आनंद मला वर्कशॉप टाकल्यानंतर झाला नव्हता. गाडी वाळूत रुतली की चाकाखाली घालायला जाळीदार पट्ट्या लागतात. बाजारातल्या पट्ट्यांचा भाव ऐकून मला राग आला, म्हणून जाड पत्र्याला भोकं पाडून, कडा वळवून मी चार पट्ट्या स्वतः बनवल्या. कॅमेऱ्यात वाळू जाऊ नये म्हणून ॲल्युमिनियमची पेटी केली आणि तिच्या झाकणाला रबर बसवलं. झाकण इतकं घट्ट बसलं की मीच स्वतःची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी घरात कुकरची शिट्टी होईना.

"माझ्या कुकरची रिंग कुठंय?" बायकोने विचारलं.

"वाळवंटात जायचीय ती."

"मग तुमची डाळही तिकडेच शिजवा."

नकाशे, डिझेल, पाणी, सगळं कागदावर उतरलं. राहिला वाटाड्या. जैसलमेरच्या पलीकडच्या एका गावातला माणूस मला फोनवर सापडला. त्याचा आवाज गोड होता आणि नियम एकच होता.

"दो गाड़ी, सेठ. अकेली गाड़ी के साथ मैं अंदर नहीं जाता."

मी माझी सगळी कला पणाला लावली. म्हटलं, एक गाडी, पण ड्रायव्हर दोन आणतो. तो हसायलाच लागला. "फँसेगी तो ड्रायव्हर खींचेगा क्या?" वर म्हणाला की होळीनंतर उन्हामुळे तो तिकडे फिरकतही नाही. म्हणजे याच हिवाळ्यात दुसरी गाडी मिळाली तर जाणं, नाहीतर अख्खं वर्ष गेलं. आणि माझ्या गुडघ्यांचा भाव दर वर्षी उतरतो आहे.

नाशकात अशा गाड्या पुष्कळ, पण बहुतेकांनी सोसायटीच्या गतिरोधकापेक्षा मोठा चढ पाहिलेला नाही. दोघं हो म्हणाले. एकाच्या मुलीचं लग्न ठरलं, दुसऱ्याच्या घरी कळलं की तिकडे मोबाइलला रेंज नसते.

"डॉक्टरांची आहे ना गाडी," बायको म्हणाली.

"त्यांचं नाव या घरात काढायचं नाही."

"तुम्हीच काढता. रोज."

मग मी ठरवलं की एकट्या गाडीने वाळूतून जाता येतं हे सिद्ध करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि वाटाड्याला पाठवायचा. त्र्यंबक रस्त्याला माझ्या ओळखीच्या एका सप्लायरचं वाळूचं यार्ड आहे. नव्या डंपरसोबत त्याचा झकास फोटो काढून द्यायचा, या बोलीवर त्याने रविवारची सकाळ मला दिली. व्हिडिओ काढायला बायकोला नेलं.

यार्डात शिरताना सप्लायर म्हणाला, "शेठ, त्या ढिगावर नका घालू. कालच टाकलाय, लय मऊ हाय."

"मऊच पाहिजे," मी म्हणालो.

आता माझी चूक सांगतो. वाटाड्याने बजावलं होतं की वाळूत शिरताना टायरमधली हवा निम्मी करायची. टायर पसरतं आणि वाळूवर तरंगतं. पण नव्या टायरांचा भाव मी इतका पाडला होता की दुकानदाराने चिडून बिलावर लिहून दिलं होतं, कमी हवेवर चालवल्यास गॅरंटी नाही. एवढ्या घासाघिशीने मिळवलेली गॅरंटी मी सोडतो की काय? हवा होती तेवढीच ठेवली, गाडी लो गिअरला टाकली आणि घातली ढिगात.

गाडी जोरात निघाली, मग सावकाश, मग जागच्या जागी. मी रागाने ॲक्सिलरेटर दाबला, तशी ती चहात बिस्कीट बुडावं तशी खाली गेली. दार उघडेना. मी खिडकीतून बाहेर आलो.

"मी म्हनलं नव्हतं का?" सप्लायर म्हणाला. त्याच्या लोडरचा ड्रायव्हर सुट्टीवर होता. फावड्याने उपसलं तर वरून दुप्पट घसरत होतं. पट्ट्या चाकाखाली सरकवायलासुद्धा आधी कोणीतरी समोरून ओढायला हवं होतं. बायको मोबाइल कानाला लावून उभी होती.

"कोणाला करतेस?"

"केला. निघालेत ते."

वीस मिनिटांत डॉक्टर त्यांची गाडी घेऊन हजर. घरातला टी-शर्ट, पायात चपला. मला वाटलं, आधी हसतील. ते हसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "शेठ, हवा किती ठेवलीय?"

मी आकडा सांगितला. ते खाली बसले आणि पेनच्या टोकाने एकेका चाकातली हवा सोडू लागले. माझी गॅरंटी माझ्या डोळ्यांदेखत फुस्स करत गेली. मग ओढायचा पट्टा दोन्ही गाड्यांना बांधला. त्यांनी ओढलं, मी पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या आणि गाडी मुकाट्याने बाहेर आली.

डॉक्टरांनी एक पट्टी उचलून भोकांवरून बोट फिरवलं. "कुठून मागवल्यात?"

"कुठून मागवणार? वर्कशॉपात केल्यात."

"मला हव्यात अशा. काय घ्याल?"

इतकी वर्षं मी या प्रश्नावर जगलो आहे. तोंडातून मात्र भलतंच निघालं. "ते ठसे तुमचे होते."

डॉक्टरांनी पट्टीवरची वाळू झटकली. "माहीत होतं. प्रदर्शनाहून घरी गेलो आणि बूट उलटा करून बघितला. त्याआधी तुम्ही ओरडलात ना, तेव्हाच शंका आली होती. म्हणून तर एवढ्या मोठ्याने हसलो. साठ माणसांसमोर काय सांगणार होतो?"

"दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायचं."

"तुम्ही उचलला असता?"

नसता उचलला. पण ते मी त्यांना कशाला सांगू?

यार्डातच, जीपच्या बॉनेटवर कागद पसरून आम्ही बोलणीला बसलो. मी वाटाड्याची अट सांगितली. डॉक्टर गाडी घेऊन यायला लगेच तयार झाले, इतके लगेच की मला संशय आला. तेही वाळवंटात जायला जोडीची गाडीच शोधत होते. आत तीन पहाटा मिळणार होत्या. मी म्हणालो, तिन्ही पहाटांना टेकडीवर पहिलं पाऊल माझं आणि तुम्ही माझ्या मागे थांबायचं. डॉक्टर म्हणाले, एक. मी म्हणालो, तीन वर्षं झाली, पहाटेला एक वर्ष. ते म्हणाले, गाडी कोणी ओढली? पट्ट्या कोणाच्या, मी विचारलं. शेवटी सौदा ठरला तो असा, पहिली पहाट माझी, दुसरी त्यांची, पट्ट्यांची एक जोडी त्यांना फुकट आणि माझा फोटो पुढच्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर. तिसऱ्या पहाटेवर गाडी अडली. दोघंही मागे हटेनात. सप्लायर डंपरजवळ केस विंचरून तयार उभा होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी मी चढते पुढे," बायको म्हणाली.

"तू कुठे येतेस?"

"कुकरची रिंग जाते आणि मी नाही? मी जाते कडेवरून. मग काढा दोघं मिळून फोटो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी डॉक्टरांकडे. त्यांनी मला पेन दिलं, ज्याने हवा सोडली होती तेच. मी कागदावरचा पाण्याचा आकडा खोडला, आणखी एका माणसाचं पाणी वाढवलं, आणि डंपरचा फोटो काढायला गेलो.