लाल चिठ्ठी सोडणारा हात

मनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरठच्या वरच्या अंगाला आमच्या वरकशीत, डोंगरउताराच्या जमिनीत, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजत होतो. फोन शर्टाच्या खिशात, शर्ट आंब्याच्या फांदीला आणि मी धुरात. तीनदा वाजून थांबला, चौथ्यांदा घेतला. शालन होती, मनूची बायको. "भावोजी, हे गेले," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं?"... एवढा मी शहाणा. तिकडून तिचं रडणं ऐकू आलं तेव्हा कळलं. राब तसाच धुमसत सोडला आणि पोलादपूरला उतरून महाडची एस.टी. धरली. सकाळी चहा घेताना बसल्या जागी गेला म्हणे. बरं मरण आलं, असं सगळे म्हणत होते. मरण बरं आलं असेल, पण त्याआधीची सहा वर्षं बरी नव्हती, आणि ती कोणी नासवली ते मला ठाऊक आहे. म्हणून हे लिहितोय.

मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाय. पण तिसऱ्या दिवशी पेपरात काळ्या चौकटीत मनूचा फोटो आला, खाली त्यानेच उभ्या केलेल्या कंपनीचं नाव आणि वर 'आमचे मार्गदर्शक'. सहा वर्षं ज्याला गेटच्या आत घेतलं नाय, तो मेल्यावर मार्गदर्शक! ही जाहिरात ज्याने दिली त्याचं नाव मी इथं लिहिलं होतं. पेपरवाले म्हणाले, काका, नाव छापता येणार नाही. नको तर नको. मी त्याला साहेब म्हणतो. तो वाचेल तेव्हा त्याला कळेल, आणि महाडात ज्यांना कळायचं त्यांनाही कळेल.

मनोहर माझा मावसभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान, आमच्याच वाडीतला. मी मुंबईला कुर्ल्यात लेथ चालवत होतो. तो डिप्लोमा करून विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला. बऱ्याच वर्षांनी एका रविवारी माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "दादा, चल महाडला. औद्योगिक वसाहतीत शेड बघून ठेवलीय. विमानाचे भाग करू."

"महाडला? तिथं सगळे औषधं नि रसायनं उकळतात. विमानाला काय नांगराचा फाळ लावणार हायस?"

"फाळ लावायचा झाला तरी तुझ्यावानी घासणारा दुसरा नाय," म्हणाला. बोलून बोलून माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा. मी चढलो.

शेडमध्ये तीन मशिनी आणि पाच माणसं. दोन वर्षं एकही ऑर्डर नाय, नुसते नमुने करायचो. परदेशी कंपनीची माणसं यायची, भिंग लावून बघायची आणि मान हलवून जायची. शेजारच्या कारखान्यांतली पोरं शिफ्टच्या बसमधून उतरली की आमच्या छपराकडे बघून विचारायची, "काय काका, उडालं काय?" मधेच मोटारीच्या भागांचं मोठं काम चालून आलं. मी म्हटलं, घे रे, चूल पेटती राहील. मनू म्हणाला, "दादा, एकदा हाताला ढिल्या कामाची सवय लागली की परत घट्ट होत नाय." त्याची धंद्याची रीत एवढीच. एकच वस्तू करायची, एकाच गिऱ्हाइकाला द्यायची, पण अशी द्यायची की त्याने दुसऱ्याचं दार बघता कामा नये. आणि माणसं घ्यायची ती पोलादपूरच्या वाड्यांवरची. "आपल्या माणसांना हात हाय, पण तो हात मुंबईला जातो," म्हणायचा.

शेवटी ऑर्डर मिळाली. विमानात सामान चढवायचं जे मोठं दार असतं, त्याच्या बिजागरीचा तळहाताएवढा भाग. प्रत्येक तुकड्यावर नंबर. कुठल्या ठोकळ्यातून निघाला, कुठल्या मशिनवर झाला, कोणाच्या हातून झाला, सगळं लिहून. आमच्या वाडीत माझ्या जन्माची नोंद नाय, आणि त्या तुकड्याची सात पिढ्यांची! तयार तुकड्याला एक औषध लावून काळोख्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचं. केसाएवढी चीर असली तरी ती हिरवी चमकते. चीर दिसली की ट्रेला लाल चिठ्ठी बांधायची, आणि शनिवारी, ज्याने तो तुकडा केला त्यानेच सगळ्यांसमोर तो करवतीने कापायचा. ही मनूची पद्धत. तो ओरडायचा नाय, पगाराला हात लावायचा नाय, नुसता कापायला लावायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एकदा मी चोरी केली. माझा असाच एक तुकडा कापायच्या ऐवजी पिशवीत घालून घरी नेला. असला सोन्यासारखा धातू करवतीखाली घालायचा? आमच्या लोकांना ते जमत नाय. वाकडा खिळासुद्धा आम्ही दगडावर ठोकून सरळ करतो. तो तुकडा मी गोठ्याच्या फाटकाला बसवला. कारखान्यात मनू एक तुकडा कमी म्हणून आठवडाभर शोधत होता, मी आपला गप्प. मग शिमग्याला तो गावी आला, पालखी नाचवून झाल्यावर माझ्याकडे पाणी प्यायला टेकला, आणि त्याची नजर फाटकावर गेली.

"दादा, करवत हाय काय घरात?"

"अरे, गायीच्या दाराला हाय तो, विमानाला नाय!"

"आज गायीच्या दाराला हाय. उद्या तू मरशील, तुझा पोरगा भंगारात घालील, भंगारवाला कोणाला विकील ते तुला ठाव हाय? नंबर हाय त्याच्यावर. कोणीपण चांगला समजून घेईल."

भर सणाला, पाहुण्यांसमोर मला तो कापायला लावला. फाटक आडवं झालं आणि दोन्ही गायी पाहुण्यांच्या चपला तुडवत बाहेर. माझी बायको म्हणाली, "भावोजी, तुमच्या विमानापायी गायी गेल्या, आता तुम्हीच आणा." पॅन्ट दुमडून हसत गेला आणि आणल्या. मी तीन महिने त्याच्याशी बोललो नाय. चौथ्या महिन्यात कळलं की त्याचं बरोबर होतं. पण ते मी त्याला कधी बोलून दाखवलं नाय... राहून गेलं.

पुढे कंपनी वाढली, शंभरावर माणसं झाली. बाहेरचे भागीदार आले आणि त्यांनी साहेब आणला. शिकलेला, इंग्रजी फाडफाड. आल्या आल्या म्हणाला, "मनोहरराव, शनिवारचा हा तमाशा कशाला? अर्धा दिवस फुकट जातो." कापणी बंद. नव्या कामगाराला एकदा तरी विमानात बसवायचं अशी मनूची चाल होती, तीही बंद. मलाही मनूने बसवलं होतं. खुर्ची घट्ट धरून मी विचारलं होतं, "मनू, आपली बिजागरी कुठं रे?" "तुझ्या बुडाखाली," म्हणाला. त्या दिवसानंतर मशिनवर उभं राहताना माझा हात कधी सैल पडला नाय. साहेबाला हा फालतू खर्च वाटला. त्याने चार गिऱ्हाइकांची कामं एकदम घेतली आणि तारखांच्या मागे सगळ्यांना पळवायला लागला. मनू बैठकीत नको नको म्हणत होता. पण बैठकीत हात मोजतात, आणि हात भागीदारांचे जास्त.

एका दुपारी तपासणीत एका ट्रेमधल्या तुकड्यांना भोकाच्या आत चीर दिसली. तपासणीला तेव्हा मीच होतो; लाल चिठ्ठी मी बांधली, दोन गाठी मारून. माल त्याच दिवशी जायचा होता. साहेब आला. म्हणाला, "काका, ही चीर नाही, ओरखडा आहे."

मी म्हटलं, "साहेब, ओरखडा असा चमकत नाय."

तो हसला. माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही गाठी सोडल्या, चिठ्ठी खिशात घातली, आणि माल गेला. मनू तेव्हा परदेशात गिऱ्हाइकाकडे होता. परत आल्यावर मी त्याला सांगितलं. त्याने मला उलट एक प्रश्न केला नाय. त्याच दिवशी स्वतःच्या सहीने गिऱ्हाइकाला कळवलं, की ह्या ह्या नंबरचे तुकडे लावू नका, परत पाठवा, चूक आमची आहे. एकही तुकडा विमानाला लागला नव्हता, सगळे परत आले. कोणाचा जीव गेला नाय, गेली ती एक नवी ऑर्डर. आणि त्या सहीवर ह्यांनी मनूला फासावर दिला. भागीदारांसमोर साहेब म्हणाला, मनोहररावांचं वय झालं, देखरेख ढिली पडली, त्यांनी स्वतः लेखी कबूल केलंय. मनूला काढलं. महिन्याभराने मला.

मी कोयता घेऊनच निघालो होतो, खोटं कशाला बोलू. मनूने मला गाडीत घातलं आणि आंबेनळीच्या घाटात नेलं. एका वळणावर कठड्याला गाडी लावून म्हणाला, "दादा, तू बोललास तर बोभाटा होईल. राहिलेलं गिऱ्हाईक जाईल. शंभर घरं हायत वाड्यांवरची. मी असेपर्यंत तू तोंड उघडायचं नाय." माझा हात त्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. मी सहा वर्षं तोंड उघडलं नाय. महाडच्या बाजारात लोक त्याच्याकडे बोट दाखवायचे, हाच तो, ह्याच्या चुकीने ऑर्डर गेली. तो भाजीची पिशवी घेऊन खाली मान घालून चालायचा, आणि मी बाजूने दात आवळून.

कंपनीने शोकसभा घेतली. साहेब माईकवर म्हणाला, "मनोहररावांनी आपली चूक मोठ्या मनाने मान्य केली, हा त्यांचा मोठेपणा." मी उभा राहिलो आणि विचारलं, "चूक कोणाची?" माईक बंद झाला. दोघांनी मला धरून खाली बसवलं. बाहेर साहेब जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, वय झालंय तुमचं. आता जाऊ द्या."

जाऊ देणार नाय. मनू, तू 'मी असेपर्यंत' म्हणाला होतास. आता तू नायस, आणि माझा शब्द मी पुरा पाळलाय. शंभर घरांचं म्हणशील तर मी आधी जुन्या कामगारांच्या घरी जाऊन आलो. त्यांतला एक म्हणाला, "लिवा काका. आमचा हात आमच्याजवळ हाय, कुठंपण चालेल." तेव्हा साहेबांनी ऐकावं. ज्या पेपरात मार्गदर्शक छापलंत, त्याच पेपरात, तेवढ्याच चौकटीत स्वतःच्या नावाने छापा की 'मनोहरची चूक नव्हती, चिठ्ठी मी सोडली.' तोवर मी दर वर्षी याच महिन्यात हे लिहीन. पेपर छापणार नसेल तर गेटसमोर उभा राहून वाचून दाखवीन. मनूने तुम्हाला माफ केलं होतं, तो तसला होता. मी तसला नाय. देवाच्या दारातसुद्धा तुमच्या पुढे उभा राहीन आणि आधी माझं ऐका म्हणेन.

हे सगळं मी मनूच्या घरी, त्याच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. टेबलाच्या एका कोपऱ्याचं पॉलिश गेलंय. विचार करताना त्याचा अंगठा तिथं फिरायचा. कुठलीही कड दिसली की ती हाताला लागते काय ते बघायची त्याला सवय होती. ताटाची असो, दाराची असो. लिहिताना माझं अडलं की माझाही हात तिथंच जात होता... लाकूड तिथं गुळगुळीत झालंय, नदीतल्या दगडासारखं.

लिहून झाल्यावर शालनला वाचायला दिलं. माझं अक्षर वाकडं, तिला वेळ लागला. मला वाटलं, ती आता म्हणेल, भावोजी, यांना हे आवडलं नसतं. ती तसं म्हणालीही. "यांना आवडलं नसतं." मग कागद माझ्यापुढे सरकवून त्या कोपऱ्यावर हात ठेवून बसली.

"पण भावोजी, गाठी कुठल्या हाताने सोडल्या ते लिहिलं नाहीत."

"उजव्या."

"मग तसं लिहा."

उजव्या हाताने सोडल्या.