सुंद्राआत्याचा झोका

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारातून परतताना जीपमध्ये जागा असली तरी सुंद्राआत्या आत बसत नसे. पदर कमरेला खोचायची आणि टपाचा गज एका हाताने धरून मागच्या पायरीवर उभी राहायची. ड्रायव्हर ओरडायचा, "आत्याबाई, आत या, पडसाल!"

"तू गाडी बराबर चालव. बसून आलं तं घरी आल्यासारखंच वाटत न्हाई."

मी आत असायची, दोन्ही हातांनी सीट धरून. मला लहानपणापासून सगळ्याचीच धास्ती. विहिरीची, बैलाची, शाळेत बाईंनी फळ्यापाशी बोलावण्याची.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि घरच्या शेळ्या तिने ताब्यात घेतल्या. उन्हाळ्यात शेळ्यांना झाडाचा पाला लागतो. बाकीचे लांब काठीला विळा बांधून खालूनच फांद्या ओढायचे. आत्या झाडावर चढायची. पुरेसा पाला खाली पडला तरी शेंड्याकडे जायची आणि वाऱ्यावर शेंडा डुलला की त्याच्याबरोबर डुलत राहायची. खाली शेळ्या ओरडायच्या, वडीलही.

"आक्का, उतर! लोकं हसून राहिले."

"हसू दे. त्याइले वर येता येत न्हाई, मंग हसतीलच."

एकदा मी विचारलं, "आत्या, तुला भ्या वाटत न्हाई?"

"वाटते ना! न वाटलं तं कायले चढू?" तिने माझ्या पोटावर हात ठेवला. "हितं गोळा येतो ना? तुला बी येतो, मला बी येतो. तू त्याले भिऊन पळते, मी त्याच्यासाठीच जाते."

आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे गुजरातेतल्या एका धाग्याच्या कारखान्यात गावातल्या मुली निघाल्या, तेव्हा मी कोपऱ्यात रडत बसले होते.

"काहून रडून राहिली? भ्या वाटते?"

"लई."

"मंग जायलाच पाहिजे."

हिंगोलीच्या स्टेशनपर्यंत ती मला सोडायला आली. आज मी माझ्या पायावर उभी आहे ती तिच्या त्या एका वाक्यामुळे.

ती पडली, पण शेंड्यावरून नाही. बाभळीच्या पहिल्याच फांदीवरून, जिथून लेकरंही उडी मारतात. कंबर मोडली, पाय गेले. नागपंचमीला सुट्टी घेऊन मी घरी आले, तेव्हा ती ओसरीत बाजेवर पडून पत्र्याकडे पाहत होती.

"गोळाच आला न्हाई गं त्या दिवशी," ती म्हणाली. "आला असता तं हात घट्ट धरले असते. आता तं कधीच येत न्हाई."

बाहेर कडुलिंबाला पंचमीचा झोका बांधला होता. आमच्याकडे फळीवर एक बसते आणि दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, उभ्याने झोका चढवते. मी कधी बसलेसुद्धा नव्हते.

"नेते का मला?" आत्याने विचारलं.

वडील मध्ये आले. "कंबर मोडलेली हाय तिची. मरंल ती!"

"खाटेवर बी मरनच हाय, भाऊ. निसता येळ लागते."

 मग वडिलांनीच तिला उचलून फळीवर बसवलं आणि लुगड्याने दोरांना बांधलं. मी फळीवर चढले. तिच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले आणि दोर घट्ट धरले.

"चढव," आत्या म्हणाली. मी चढवला.

"अजून."

पानं डोक्याला लागायला लागली. मग पार वर गेल्यावर दोर क्षणभर सैल पडले आणि आम्ही दोघी नुसत्या हवेत होतो.

"आला का?" ती खालून ओरडली.

"आला, आत्या!"

"मला बी!"

ती हसत होती. झोका थांबला तेव्हा मी खाली पाहिलं, तिचा चेहरा ओला होता. वडिलांनी दोर धरून ठेवला होता. ते ओरडले नाहीत.

थंडीत ती गेली. फोन आला तेव्हा मी मशीनवर होते. गाव गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढच्या पंचमीला मी पुन्हा त्याच लिंबाखाली गेले आणि एकटीच फळीवर उभी राहिले. पायांमध्ये कुणी नव्हतं, म्हणून फळी फार हलकी जात होती. पानं डोक्याला लागली. दोर सैल पडले.

गोळा आला. खालून कुणी विचारलं नाही.