मेढ्याजवळच्या घराला हरकत आहे

आमच्या संस्थेत दोन कपाटं आहेत. एकात कामाचे कागद, दुसऱ्यात त्या कागदांवर आलेल्या हरकती. दुसरं कपाट आता बंद होत नाही.

विकल्या गेलेल्या आणि सोडवून आणलेल्या बायकांसाठी आम्ही मेढ्याजवळ एक घर चालवतो. सहाजणी राहतात. मार्चअखेर सरकारी अनुदान मंजूर झालं नाही तर घर बंद, असं आमच्या प्रमुख शालनताईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी प्रस्ताव टाइप करायची, खात्यातले साहेब हरकत काढायचे.

०

पहिली हरकत: "घराबाहेर ठळक नामफलक दिसत नाही."

आता विकणारे शोधत फिरतात म्हणून तर पत्ता लपवलेला! ताईंनी चार फुटी फलक रंगवून घेतला, परसदारी लावला, फोटो काढला आणि उतरवून ठेवला. हल्ली त्यावर आम्ही पापड वाळवतो.

०

मग गाडी फोटोंवर आली. चेहरे दाखवायचे नाहीत म्हणून आम्ही बायकांचा पाठमोरा फोटो पाठवला. शेरा आला, "सर्व लाभार्थी एकसारख्या दिसतात."

ताई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "साहेब, साड्या आम्हीच दिल्यात. एकाच गठ्ठ्यातल्या."

०

सहाजणींतली मंगल मूळची जतकडची. साताऱ्याच्या कार्यालयानं लिहिलं, "सदर महिला सांगली जिल्ह्यातील, तिकडे अर्ज करावा." सांगलीनं लिहिलं, "सदर महिला साताऱ्यात राहते, तिकडे करावा."

मी वैतागून साताऱ्याचं पत्र सांगलीला आणि सांगलीचं साताऱ्याला पाठवून दिलं. दोन्हीकडून पोच आली.

०

पुढच्या हरकतीला मात्र मला हसू आलं नाही. "मंगलच्या वडिलांचे संमतीपत्र जोडावे."

तिला विकणारा तोच. ताईंनी पोलिसातल्या फिर्यादीची प्रत जोडली, आरोपीच्या नावाखाली लाल रेघ मारली. उत्तर आलं, "प्रत साक्षांकित नाही." त्या दिवशी मी टेबलावर फाइल आपटली आणि घरी गेले.

०

मार्च संपायला आठवडा राहिला तेव्हा साहेब स्वतः तपासणीला आले. लागणाऱ्या कागदांची यादी उघडून बसले. मंगलनं चहा आणून ठेवला, तर त्यांनी तिलाच समोर बसवलं.

"आधार कार्ड?"

"न्हाई."

"रहिवासी दाखला?"

"न्हाई."

"शाळेचा दाखला तरी?"

"त्यो बी न्हाई."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो बाई, एकही कागद नसताना मी तुमचं काम कसं करू?"

मंगल म्हणाली, "आवं साहेब, मला इकलं तवा एक बी कागद लागला न्हाई."

साहेबांनी यादी मिटली आणि सही कुठं करायची ते ताईंना विचारलं.